धातूचें कातकाम आणि तेलपाणी

आपल्या घरांतील पंख्याचा आंस लेथवर कातला जात असतां हत्याराच्या टोकावर दुधासारखें पांढरें तेलपाणी सोडतात. तें उष्णता हरण करतें. कीस सुटतो नेमक्या त्या जागीं पाण्याची जोरदार धार सोडल्यास कापण्याचा वेग सुमारें ४० टक्क्यांनीं वाढवितां येतो, असें अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर यांनीं १९०६ सालच्या निबंधांत सांगितलें. पुढें 'जोरदार' हा शब्द ध्यानांत राहिला. 'नेमक्या जागीं' हे शब्द मात्र मागें पडले!

आजहि पुष्कळ यंत्रांवर मिनिटास कित्येक लिटर तेलपाणी वाहतें. त्याचे तुषार कामगाराच्या फुप्फुसांत जातात, हातांस त्वचारोग जडतात. उलट, दाबलेल्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण थेट धारेवर सोडले, तर पुष्कळ कामांस तासाला ५० मिलिलिटरांहून कमी तेल पुरतें. मात्र ते कण ओढून घेण्याची सोय हवीच. बिडाच्या अंगचें ग्रॅफाइट वंगणाचें काम करतें, म्हणून तें बहुधा कोरडेंच कापतात. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाहीं. त्यास भरपूर द्रव लागतो, पण तोहि हत्याराच्या पोटांतून अगदीं धारेशींच सोडणें इष्ट.

तेव्हां कारखानदारांनीं तेलाचें नवें पिंप मागविण्यापूर्वीं तोटीचें तोंड कोठें वळलें आहे, तें आधीं पाहावें.