नऊ घरांचा अभ्यासक्रम



आजचा विषय आहे गेम बनवायला शिकणं, आणि वेबसाइट सर्वांना वापरता येईल अशी करायला शिकणं. हे दोन विषय एका व्याख्यानात कसे, असं काहींना वाटलं असेल. माझ्या मते ते एकच कौशल्य आहे. शिकण्याचं उद्दिष्ट नीट ठरवलं तर दोन्ही एकदमच हाताला लागतात.

आधी उद्दिष्टाबद्दल बोलू. ‘यंदा मी युनिटी शिकणार’, ‘दिवाळीपर्यंत जावास्क्रिप्ट पक्कं करणार’ असे संकल्प आपण करतो. पण ते पुरे झाले की नाही, हे कोण ठरवणार? व्हिडिओ बघून होतात, प्रमाणपत्र मिळतं, आणि तरी रिकाम्या फाइलसमोर बसलं की हात चालत नाही. याऐवजी असं ठरवा: ‘ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा माणूस माझा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळेल, आणि मी शेजारी बसून एक शब्दही सांगणार नाही.’ हे एक तर साधेल किंवा साधणार नाही. तिथे स्वतःची समजूत काढायला जागा नाही. उद्दिष्टात दुसरा माणूस आला की परीक्षा खरी होते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आता दोन विषयांचं नातं पाहू. खेळणाऱ्याच्या मनात सतत तीन प्रश्न असतात. आत्ता काय झालं? आता मला काय करता येईल? मी केलं ते लागू पडलं का? यांची उत्तरं चटकन मिळाली नाहीत की खेळणारा उठून जातो. बँकेच्या साइटवर फॉर्म भरणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकाचे प्रश्न नेमके हेच असतात. फरक इतकाच, की त्याला उठून जाता येत नाही. पैसे त्याचेच असतात.

वेबसाठी याचे नियम ठरलेले आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने पहिली नियमावली १९९९ साली काढली आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सगळा डोलारा चार तत्त्वांवर उभा आहे: मजकूर जाणवला पाहिजे, हाताळता आला पाहिजे, समजला पाहिजे, आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकला पाहिजे. नियमावली वाचायला घेतली की नवशिक्याची छाती दडपते. पण ‘वेबएम’ ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि त्यातल्या सुमारे ९६ टक्के चुका फक्त सहा प्रकारांत मोडत होत्या: फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नसणं, फॉर्मच्या रकान्याला नाव नसणं, रिकामी लिंक, रिकामं बटण, आणि पानाची भाषा न सांगणं. यंत्राला सगळ्याच चुका कळत नाहीत हे खरं. तरीही पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम तुम्हाला आयता मिळाला.

गेमच्या जगात काय चाललं आहे? २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अवघड चढाईच्या गेममध्ये ‘असिस्ट मोड’ आहे. वेग कमी करा, दम अमर्याद ठेवा, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. ज्यांना कस लागलेला आवडतो, त्यांचा गेम होता तसाच राहिला. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून अधिक सोयी होत्या, आणि दृष्टिहीन खेळाडूंनी तो पूर्ण केला. त्यामागे मोठ्या कंपनीचा पैसा होता. आपण आपल्या ऐपतीचं काही घेऊ.

आपण फुली-गोळा घेऊ. नऊ घरं, दोन खेळाडू, ब्राउझरमध्ये चालणारा. नवशिका तो बहुधा ‘कॅनव्हास’वर चितारतो. दिसायला छान दिसतो; पण कॅनव्हास म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, तिथे वाचण्यासारखं काहीच नसतं. त्याऐवजी नऊ घरांची नऊ साधी बटणं करा. कीबोर्डची निम्मी कामं ब्राउझर फुकटात करून देतो. टॅब दाबला की पुढचं घर, एंटर दाबला की खेळी. आपण कुठे आहोत ते दिसावं म्हणून त्या घराभोवती ठसठशीत चौकट हवी. ती नको म्हणून काढून टाकणारे डिझायनर पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मग प्रत्येक बटणाला नाव द्या: ‘दुसरी ओळ, तिसरं घर, रिकामं’. समोरच्याने खेळी केली की ती न बघता कळली पाहिजे. त्यासाठी ‘एरिया-लाइव्ह’ ही सोय आहे. ‘गोळा मधल्या घरात, आता तुमची पाळी’ हे वाक्य तिथे टाकलं की स्क्रीन रीडर ते आपणहून बोलतो. आणि पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये लिहा. एका शब्दाचं काम आहे. ते राहिलं, तर स्क्रीन रीडर आपला मजकूर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचू लागतो, आणि ‘पाळी’तला ‘ळ’ कसा उमटेल याचा भरवसा नाही.

रंगांचं गणितही इथेच शिकून होतं. साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षरं लिहिली तर तो जेमतेम ४ भरतो, म्हणजे नापास. फुली आणि गोळा यांचे आकारच वेगळे असल्यामुळे रंग न ओळखणाराही खेळू शकतो. हा आपल्या जुन्या खेळाचा शहाणपणा. तो पुढच्या प्रत्येक गेममध्ये न्या.

तपासायला खर्च नाही. ‘एनव्हीडीए’ हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याचं काम सुरू केलं. तो लावा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःचा गेम खेळा. पण तिथे थांबू नका. गेममध्ये काय कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असतं; अनोळखी माणसाला नसतं. म्हणून स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या एखाद्याला विनंती करा, त्याच्या वेळेचं मोल द्या आणि गप्प बसून ऐका. ‘आवडला का?’ असं विचारू नका. कुठे अडलं, तेवढं लिहून घ्या. ती यादी म्हणजे तुमचा पुढचा अभ्यासक्रम.

हे शिकून पुढे काय, असं विचारणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निवाडा दिला. प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि दृष्टिहीनांना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करताना येणाऱ्या अडचणींचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, असं यंत्र सांगतं; ज्याला ते शक्य नाही त्याने काय करायचं? हे सोडवणारी माणसं बँकांना आणि सरकारी खात्यांना लागणारच आहेत.

फुली-गोळा जमला की वेळेशी झुंजणारा गेम घ्या, चेंडू टोलवण्याचा. तिथे नवे प्रश्न येतात: चेंडू कुठे आहे हे आवाजावरून कळेल का, वेग कमी करता येईल का, एकाच हाताने खेळता येईल का. आणि एक गोष्ट मात्र आधीच कागदावर लिहून ठेवा: गेम बनवायला वेळ अपुरा पडला तर काय गाळायचं. वेळ अपुरा पडतोच. गाळायचं झालं तर दोन पातळ्या गाळा, सजावट गाळा, पार्श्वसंगीत गाळा. कीबोर्ड आणि आवाजाच्या खुणा गाळू नका. तीन पातळ्यांचा, पण सगळ्यांना खेळता येणारा गेम ज्याने पुरा केला, त्याने दहा पातळ्यांचा गेम अर्धवट सोडणाऱ्यापेक्षा दोन्ही विषय जास्त शिकलेले असतात.