गिअरबॉक्सचं तेल नेमकं कुठून गळतंय?

चेन्नईहून बोलतोय. ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे आहेत, तसे बेळगाव, इंदूर, बडोद्याचेही आहेत. त्यातल्या कुणाच्या घरी फियाट असेल, कुणाकडे अ‍ॅम्बॅसेडर, कुणाकडे आजोबांची जीप. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे. गाडी कुठलीही असो, एक तक्रार सगळ्यांची सारखी असते: गाडी उभी केली की सकाळी खाली तेलाचा डाग दिसतो. आज त्यातल्या गिअरबॉक्सच्या गळतीबद्दल बोलू या.

हेराल्ड ही चेन्नईचीच गाडी. मूळ डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, कंपनी इंग्लंडची स्टँडर्ड-ट्रायम्फ. पण १९६१ पासून ती इथे, मद्रासजवळ वंडलूरच्या बाजूला, स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली. चार दारांची हेराल्ड तर फक्त भारतातच बनली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातून गाड्या निघणं थांबलं. म्हणजे आज गिअरचे दात झिजले, तर नवा गिअर दुकानात मिळत नाही. पुदुपेट्टैच्या जुन्या मालाच्या बाजारात शोधत फिरायचं आणि मिळेल तो घ्यायचा. गळतीकडे दुर्लक्ष का करायचं नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

आता थोडा हिशेब. हेराल्डच्या गिअरबॉक्समध्ये तेल बसतं सुमारे साडेआठशे मिलिलिटर. इंजिनासारखी डिपस्टिक नाही, तेल कमी झालं तर लाल दिवा लागत नाही. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. दिवसाला वीस थेंब पडले, तर दोनशे दिवसांत दोनशे मिलिलिटर गेलं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. आणि हे फक्त उभ्या गाडीचं. धावताना आतलं तेल तापून पातळ होतं, गिअर ते उडवत असतात, तेव्हा गळती वाढते. एक दिवस गिअरबॉक्स घूं घूं आवाज करू लागतो आणि तोवर बेअरिंग गेलेलं असतं.

माझ्या एका मित्राच्या हेराल्डची गोष्ट सांगतो. गाडी त्याच्या वडिलांची. एका गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला, गिअरबॉक्सची मागची बाजू ओली दिसली आणि निदान झालं: मागचं ऑइल सील गेलंय, बेअरिंगही गेलं असणार, पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागेल. आकडा ऐकून मित्र गाडी विकायला निघाला. आणि अशा गाडीला विकत घेणारा बहुतेक वेळा भंगारवाला असतो.

मी त्याला आमच्या अण्णांकडे नेलं. सत्तरीचे मिस्त्री. तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे हाक मारताना मराठी माणसाला अडखळायला होत नाही. अण्णांनी पान्हा हातात घेतलाच नाही. म्हणाले, "सार, ओलं कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. ओल सुरू कुठून होते ते बघू." रॉकेल आणि ब्रश घेऊन त्यांनी गिअरबॉक्स धुतला, फडक्याने कोरडा केला आणि वर चेहऱ्याला लावायची टाल्कम पावडर शिंपडली. मग सात-आठ किलोमीटर गाडी चालवून आणायला सांगितलं. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर एक बारीक काळी रेघ दिसत होती. ती मागच्या सीलपासून निघत नव्हती. तिची सुरुवात होती स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सला जोडते तिथे. तिथलं छोटं पॅकिंग कडक होऊन आक्रसलं होतं. तेल तिथून निघून, ओघळत मागच्या टोकाला येऊन थेंब होऊन पडत होतं. पॅकिंग बदललं, गाडी आज रस्त्यावर आहे.

मंडळी, तेल उताराने खाली येतं आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. ओलीतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. पण त्याआधी ते तेल गिअरबॉक्सचंच आहे ना, हे पाहा. डागाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. इंजिन ऑइल बहुधा काळं असतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. क्लचचं हायड्रॉलिक तेल पातळ असतं आणि रंग खातं.

यानंतर फुकटात होणाऱ्या तपासण्या. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा भरण्याचा प्लग उघडा. तेल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. कुणी प्रेमाने जास्त भरलं असेल, तर जादा तेल बाहेर येणारच. गिअरबॉक्सला ब्रीदर असेल, तर तो चिखलाने बुजलाय का ते पाहा. आत हवा तापून फुगते. तिला वाट मिळाली नाही, तर ती चांगल्या सीलमधूनही तेल ढकलते. मग प्लग आणि झाकणांचे बोल्ट ढिले आहेत का ते बघा. या तिन्हीत काही सापडलं नाही, तरच उघडायचा विचार.

मागचं सीलच गेलं असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, म्हणजे तो होता तसाच बसेल आणि थरथर होणार नाही. फ्लँज काढल्यावर सील जिथे घासतं त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे खाच पडली आहे आणि नवं सीलही टिकणार नाही. शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहा. तो खेळत असेल, तर दोष बेअरिंगचा आहे. नवं सील घ्यायला जाताना जुनं सोबत न्या आणि मापं व्हर्नियरने घ्या, कारण या गाड्या इंचाच्या मापातल्या. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला थोडं तेल लावा आणि योग्य मापाच्या पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत सरळ बसवा.

तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, बेल हाऊसिंगखालून येत असेल, तर काम मोठं आहे, कारण तेल क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरतो. हेराल्डमध्ये एक सोय आहे: आतलं बोगद्यासारखं झाकण काढलं की गिअरबॉक्स गाडीच्या आतूनच काढता येतो. पण तिथेही वास घेऊनच निदान करा. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश इंजिनांना मागे रबरी सीलऐवजी उलट्या आट्यांची रचना असे. ती इंजिन फिरतं तेव्हाच तेल आत ढकलते, त्यामुळे बंद केल्यावर एखादा थेंब पडतोच. त्या थेंबासाठी गिअरबॉक्स उतरवू नका.

तेल बदलताना तळाचा प्लग उघडण्याआधी भरण्याचा प्लग निघतो का ते पाहा. तो गंजून अडकला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं तेल घ्या. जीएल-५ मधले काही घटक पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. आमच्याकडे २०१५ च्या डिसेंबरात पूर आला, तसं पाणी गाडीत शिरलं असेल, तर तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसेल. तसं दिसलं तर गाडी न चालवता आधी ते काढा. काढलेलं तेल गटारात ओतू नका, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

आणि शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांवर तर नाहीच, वीट फुटते. लोखंडी स्टँड लावा, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, गाडी हाताने हलवून बघा आणि मग खाली जा.

या रविवारी पांढरा पुठ्ठा ठेवून पाहा. काय सापडलं ते कळवा. तुमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींची एखादी युक्ती असेल, तर तीही सांगा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.