क्रौंचवध आणि रानटर्की



ऐन वसंतात, वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात आम्ही पक्ष्याच्या शिकारीवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींनी नाके मुरडली, असे आमच्या कानावर आले आहे. त्यांचा दोष नाही. ज्या देशात आदिकाव्याचा उगम क्रौंचवधाच्या शोकात सांगतात आणि जोडीत रमलेल्या मृगावर बाण सोडला म्हणून पंडुराजाला जन्माचा शाप भोगावा लागतो, त्या देशात विणीच्या हंगामातील शिकार हा शब्दच कानाला टोचतो. आम्ही स्वतः ढेकणापलीकडे काही मारलेले नाही. परंतु अमेरिकेत मिझुरी राज्यात भाचेजावयांकडे राहावयास गेलो असता त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याने आम्हांला एका पहाटे आपल्या लपणात नेऊन बसविले. तेथे जे पाहिले, त्याने आमची समजूत थोडी ढवळली. तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख. टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे त्याची पहिली प्रसिद्ध स्वारी गोव्यावरूनच झाली. 1612 साली मुकर्रबखानाने गोव्यात मिळविलेले नवलाईचे पशुपक्षी जहांगीर बादशहापुढे नेले, त्यांत टर्कीचा नर होता. बादशहाने त्याचे चित्र काढविले आणि त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्याप्रमाणे पालटतात, असे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ते निरीक्षण अगदी खरे आहे. रंगात आलेल्या नराचे डोके घटकेत लाल, घटकेत पांढरे, घटकेत निळे होते. छातीवर केसांच्या झुपक्यासारखी दाढी लोंबते. शेपटीचा पंखा उभारून, पंख जमिनीला घासत तो मिरवू लागला, म्हणजे आपल्या मोराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

असा हा पक्षी विसाव्या शतकाच्या आरंभी संपत आला होता. जंगले तुटली, बाजारासाठी वाटेल तितकी हत्या झाली. 1920 च्या सुमारास, जेथे तो पूर्वी होता अशा 39 राज्यांपैकी 18 राज्यांतून तो नाहीसा झाला होता. मिझुरीने 1937 साली शिकार बंद केली. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की, बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना द्यावा. पुढे धनुष्यबाणही त्या करात आले. प्रथम पिंजऱ्यात वाढविलेली पिले रानात सोडून पाहिली, पण आईवाचून वाढलेल्या पिलांना रानात जगणे काही साधेना. मग 1950 नंतर स्फोटाने उडणारी जाळी टाकून रानातलेच पक्षी धरावे आणि ओसाड रानात नेऊन सोडावे, ही युक्ती फळाला आली. 1960 साली मिझुरीत वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. आज त्या देशात रानटर्कींची संख्या साठ लाखांच्या घरात सांगतात.

आता लपण. कापडी तंबूच म्हणा ना, आतून काळाकुट्ट. टर्कीला वासाचे ज्ञान बेताचे, पण नजर अशी तीक्ष्ण की, बोट हलले तरी त्याला दिसावे. धनुष्य ओढावयाचे तर सारा हात हलणार. म्हणून ही काळी खोली. आम्हांलाही काळा सदरा घालावा लागला, आणि पाठीमागची खिडकी बंद, नाही तर उजेडात आकृती उमटते. गंमत अशी की, हरिण अशा नव्या तंबूला बुजते. टर्की त्याची फारशी पर्वा करीत नाही. समोर दहा पावलांवर एक रबरी मादी उभी केली होती.

उजाडण्यापूर्वीच झाडावरून नराची आरोळी आली. यजमानांनी लाकडी पेटीचे झाकण तिच्या कडेवर हलकेच घासले, आणि हुबेहूब मादीचा स्वर निघाला. आरोळी जवळ आली. पाऊण तासाने तो आला. पिसारा फुलवून रबरी मादीभोवती मिरवू लागला. आमची छाती धडधडू लागली. यजमानांनी कप्प्यांचे धनुष्य ओढले, आणि तसेच धरून राहिले. मग हळूच दोरी सैल सोडली. पक्षी थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

आम्ही विचारले, "का हो, सोडला का नाही बाण?"

ते म्हणाले, "फुललेल्या पिसांत शरीर कोठे आहे ते कळत नाही. मर्माची जागा संत्र्याएवढी. त्यातून त्याच्या मागे दुसरा नर येऊन उभा राहिला होता. लागेल की नाही अशी शंका आली, तर दोरी सोडायची नसते. जखमी पक्षी उडून जातो आणि झुडपात मरतो. तो मग ना माझा, ना रानाचा."

श्रोतेहो, आमच्या शंकेचे अर्धे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. उरलेले अर्धे त्यांच्या कायद्यात आहे. वसंतात नर, किंवा दाढी असलेला पक्षी, तेवढाच मारावयाचा. साऱ्या हंगामात दोन. आणि मारलेल्याची नोंद त्याच दिवशी सरकारात करावयाची. एक नर अनेक माद्यांशी रमतो. दहा-बारा अंडी, अठ्ठावीस दिवसांची उबवण आणि पिलांचे संगोपन हा सारा संसार मादी एकटीच ओढते. क्रौंचाची जोडी फुटली तर घर मोडते. येथे तसे होत नाही. तरी हाही हिशेब डोळे मिटून करीत नाहीत. दक्षिणेकडील काही राज्यांत पक्षी घटू लागले, तेव्हा हंगाम उशिरा सुरू करून संख्येची मर्यादा उतरविण्यात आली.

प्रेमाच्या स्वराने बोलावून मारणे हे कपट नव्हे काय? आहे. तो काटा आमच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी आमची इच्छाही नाही.

पण एक गोष्ट आपण आपल्यालाही विचारली पाहिजे. आपण 1972 साली कायद्याने शिकार बंद केली. 1979 साली सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले. बाण सुटले नाहीत, तरी माळढोक संपत चालला. माळराने गेली, विजेच्या तारा आल्या. आज साऱ्या देशाच्या रानांत ते दीडशेही उरले नसावेत. बहुधा एकच अंडे घालणाऱ्या त्या पक्ष्याची शिकार सुरू करा, असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणारा वेडा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की, न मारणे म्हणजे राखणे नव्हे. तो शेतकरी पक्षी मारतो, पण त्यासाठी कर भरतो, रान राखतो, आणि संशय आला की दोरी सैल सोडतो. आपण मारीत नाही, आणि तेवढ्यावर आपले पुण्य पुरे झाले असे समजून घरी जातो.

वाल्मीकीचा शोक श्लोक झाला. आपला शोक निदान एखादे माळरान राखण्याइतका तरी व्हावा, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.