ब्राउझरची ओसरी

एखाद्या घरीं पाऊल टाकतांच त्या घराची पहिली ओळख ओसरीवर होते. तेथें बसावयास काय घातलें आहे, भिंतीवर काय टांगलें आहे, कोण येऊन टेकलें आहे, हें सारें घरधन्याच्या मर्जीनें ठरतें. जेथें कोणीहि यावें, पथारी पसरावी आणि घरच्याच माणसांनीं त्याला ओलांडून आंत जावें, त्या घराविषयीं शेजारीपाजारी काय म्हणतील तें सांगावयास नको. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत लहानथोरांच्या हातीं अशी एक ओसरी आलेली आहे. मोबाइलमधील ब्राउझर उघडतांच जें पहिलें पान समोर येतें तीच ती. दिवसांतून अनेक वेळां माणूस तिच्यावरून येतो आणि जातो. परंतु तिच्यावर कोणीं बसावें हें ठरविण्याचा आपला अधिकार त्यानें बहुधा कधीं वापरलेलाच नसतो.

हें पान या रूपास कसें आलें, हें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें आणून दाखविणारें साधन. पूर्वीं तें उघडलें कीं एकच ठराविक पान येई व पुढला पत्ता ज्याचा त्यानें लिहावा लागे. २००७ सालीं ऑपेरा या नॉर्वेंतील ब्राउझरनें ‘स्पीड डायल’ नांवाची सोय आणली. टेलिफोनवर नेहमींचे क्रमांक एकेका कळीवर लावून ठेवावेत, तसे तींत नऊ चौकोन होते. त्यांत कोणतीं पानें ठेवावयाचीं हें वापरणारा स्वतः ठरवी. पुढल्याच वर्षीं, २००८ च्या सप्टेंबरांत, गूगलचा क्रोम हा ब्राउझर आला आणि त्यानें निवडीचे श्रमहि वाचविले. माणूस कोणत्या पानांवर वारंवार जातो याची नोंद ब्राउझरच ठेवूं लागला व त्या नोंदीवरून चौकोन आपोआप भरूं लागला. हा फरक दिसावयास लहान, पण परिणामीं मोठा आहे. पहिल्या रीतींत माणूस निवडी आणि यंत्र लक्षांत ठेवी. दुसरींत यंत्रच निवडूं लागलें. मोबाइलवर ही दुसरी रीत चांगलीच रूढ झाली, आणि अनेक ब्राउझरांत चौकोनांच्या खालीं बातम्यांची न संपणारी माळहि येऊन लटकली. आधीं चंचुप्रवेश, मग मुसळप्रवेश, असा हा प्रकार आहे.

पहिल्या जागेचें मोल किती असतें, याची कल्पना एका खटल्यावरून येईल. अमेरिकेच्या सरकारनें गूगलविरुद्ध चालविलेल्या खटल्यांत असें उघड झालें कीं, आयफोनवरील सफारी या ब्राउझरांत शोधाचें काम प्रथमपासून आपल्याकडेच लावलेलें असावें, एवढ्यासाठीं गूगलनें ॲपल कंपनीस २०२२ या एका वर्षांत सुमारें २० अब्ज डॉलर दिले. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं न्यायालयानें, गूगलनें आपली मक्तेदारी बेकायदा रीतीनें टिकविली, असा निर्णय दिला. तेथें वाद शोधाच्या चौकटीचा होता, साऱ्या पानाचा नव्हे, हें खरें. तरीहि त्यावरून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जी वस्तु आयती मांडून दिलेली असते ती बदलण्याची तसदी बहुसंख्य माणसें घेत नाहींत. आणि या आळसाची किंमत आळशी माणसास ठाऊक नसली तरी व्यापाऱ्यास नेमकी ठाऊक असते. फायरफॉक्स हा ब्राउझर एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या मालकीचा. पण त्याच्याहि पहिल्या पानावर पैसे घेऊन बसविलेले चौकोन येतात. ते बंद करण्याची सोय त्यानें ठेवलेली आहे, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण म्हणावें; पण ती सोय शोधावी लागते, ती आपण होऊन पुढें येत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, यांत बिघडलें काय? यंत्रानें नेहमींचीं पानें पुढें करून ठेवलीं तर वेळच वांचतो. या म्हणण्यांत तथ्य आहे. जो एकटा राहतो आणि ज्याचीं कामें ठरीव आहेत, त्यास ही आपोआप होणारी मांडणी पुष्कळदां उपयोगीच पडते. अडचण निराळ्या तीन ठिकाणीं येते.

पहिली अडचण लक्ष भटकण्याची. विजेचें बिल भरण्याची आज शेवटची तारीख, म्हणून मोबाइल हातीं घ्यावा; ब्राउझर उघडतांच एखाद्या नटाच्या घटस्फोटाची वार्ता दिसावी; तिच्या खालीं क्रिकेटची, तिच्याहि खालीं कोणत्या फळानें वजन उतरतें याची. अर्ध्या तासानें फोन खालीं ठेवला जातो आणि बिल तसेंच राहतें. दोष माणसाच्या चंचल मनाचा आहेच. पण ज्या मनास मोह पडतो हें ठाऊक आहे, त्याच्या वाटेंतच रोज मिठाईचें ताट मांडून ठेवणें हा शहाणपणा नव्हे.

दुसरी अडचण घरांतल्या घरांत आहे आणि ती अधिक नाजूक आहे. आपल्याकडे मोबाइल ही पूर्णपणें एकट्याची वस्तु क्वचितच राहते. नातवंडें तो खेळावयास मागतात, सासूबाईंना त्यांत पंचांग पाहावयाचें असतें, मामंजींना गाडीची वेळ हवी असते. अशा वेळीं सून आपला फोन पुढें करते, आणि ब्राउझरच्या पहिल्या ओळींत कर्करोगाच्या रुग्णालयाचा चौकोन दिसतो. किंवा मुलाच्या फोनवर कर्जफेडीसंबंधीं सल्ला देणाऱ्या एखाद्या पानाचा. जी गोष्ट योग्य वेळ पाहून, शब्द तोलून, जवळ बसून सांगावयाची होती, ती एका चौकोनानें निर्विकारपणें सांगून टाकली. येथें कोणीं कोणाचें कांहीं चोरून पाहिलें नाहीं. यंत्रानें फक्त ‘वारंवार पाहिलेलें पान’ म्हणून तें वर आणलें. दुःख आणि चिंता यांच्याच पानांवर माणूस वारंवार जातो, हें त्याला कसें कळावें?

तिसरी अडचण पैशाच्या व्यवहाराची. पुष्कळ माणसें बँकेचें पान उघडतांना दर वेळीं बँकेचें नांव शोधाच्या चौकटींत लिहितात आणि जें पहिलें दिसेल त्यावर बोट ठेवतात. हुबेहूब बँकेसारखीं दिसणारीं खोटीं पानें आणि मदतीचे खोटे दूरध्वनि क्रमांक मांडून बसणाऱ्या भामट्यांना याहून सोयीची संवय दुसरी नाहीं. खरी ओळख पटावी म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांस आपले इंटरनेटवरील पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर नेण्यास सांगितलें व त्यासाठीं ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. हा शेवट केवळ बँकांनाच दिला जातो. अशा रीतीनें खात्री करून घेतलेला पत्ता एकदां पहिल्या पानावर चौकोन म्हणून बसविला, कीं दर वेळीं शोध करण्याचें आणि त्यांत फसण्याचें कारण उरत नाहीं. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावतां कळवावें. तथापि, चौकोन बसविण्यास लागणारीं पांच मिनिटें त्या दूरध्वनीपेक्षां केव्हांहि स्वस्त.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आयफोनवर सफारींत नवें पान उघडून अगदीं तळापर्यंत जावें. तेथें ‘एडिट’ ही कळ आहे. आयफोनवर ही सोय २०२१ सालच्या आयओएस १५ पासून आली. ‘फेव्हरिट्स’, म्हणजे स्वतः निवडलेलीं पानें, चालू ठेवावीं. ‘फ्रिक्वेंटली व्हिजिटेड’, म्हणजे यंत्रानें मोजलेलीं, बंद करावीं. पार्श्वभूमीस आवडीचें चित्रहि तेथेंच लावतां येतें. अँड्रॉइडवर फायरफॉक्स असेल तर सेटिंग्जमधील ‘होमपेज’ या भागांत जावें. पैसे देऊन आलेले चौकोन, बातम्या, नुकतींच पाहिलेलीं पानें, या प्रत्येकासाठीं तेथें निराळी कळ आहे. आणि जें पान हवें तें उघडून मेनूंतून ‘शॉर्टकट’ म्हणून जोडतां येतें. क्रोममध्यें ‘डिस्कव्हर’ ही बातम्यांची माळ तिच्याच माथ्यावरील खुणेवरून बंद होते. नको असलेल्या चौकोनावर बोट दाबून धरलें कीं तो काढून टाकतां येतो. आणि सेटिंग्जमधील ‘होमपेज’ या ठिकाणीं स्वतःच्या पसंतीचा पत्ता लिहितां येतो. जे विषय खासगी आहेत ते खासगी टॅबमध्यें पाहावे, म्हणजे ते इतिहासांत नोंदले जात नाहींत व पहिल्या पानावरहि येत नाहींत. अर्थात् हा पडदा घरच्या माणसांपुरताच आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून त्यानें कांहीं लपत नाहीं.

मग या मोकळ्या झालेल्या जागेवर काय ठेवावें? प्रत्येक कुटुंबाची गरज निराळी. परंतु चौकोन सहा-आठांहून अधिक नसावेत, हा नियम सर्वांस हितकर होईल. बँक, वीज, रेल्वेचें आरक्षण, हवामान, हीं कामाचीं झालीं. त्यांच्या शेजारीं एक-दोन जागा मनाच्या पोषणासाठीं राखाव्या. मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर वाचावयास मिळतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ति शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहांत कोणासहि विनामूल्य पाहतां येते. जेवतांना मुलानें एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला आणि एका बोटाच्या अंतरावर मोल्सवर्थ सांपडला, तर त्या घरांत बोलणें पुढें चालतें. त्याच जागीं नटाचा घटस्फोट असता तर तें तेथेंच थांबलें असतें. दोन्ही चौकोन सारख्याच आकाराचे. फरक फक्त ते कोणीं ठेवले याचा.

घरांतील वडील मंडळींच्या फोनवर ही मांडणी करून देतांना मात्र एक पथ्य पाळावें. त्यांना न विचारतां, तरुणांनीं आपल्याच समजुतीनें सारें बदलून टाकूं नये. कंपनीची मर्जी काढून तेथें मुलाची किंवा नातवाची मर्जी बसविली, तर आजोबांच्या पदरीं स्वातंत्र्य कांहीं पडलें नाहीं. त्यांना काय हवें तें त्यांनींच सांगावें, अक्षर मोठें करून द्यावें, आणि चौकोन कसा काढावा व कसा घालावा हें एकदां त्यांच्याच बोटानें करवून घ्यावें.

दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्याची संवय लागली कीं आपली तहान किती होती हेंहि माणूस विसरतो. चांगल्या पहिल्या पानाची खूण एकच: त्यावर माणूस रेंगाळत नाहीं. ज्या कामासाठीं तो आला त्याची वाट तेथें दिसते, आणि तो त्या वाटेनें निघून जातो. चार-सहा महिन्यांनीं, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा हवें तर, तें पान पुन्हा एकदां नजरेखालीं घालावें. मुलाचें शिक्षण संपलें, दुखणें बरें झालें, कर्ज फिटलें, अशा प्रत्येक वळणावर त्यांतील एखादा चौकोन निरुपयोगी झालेला असतो. तो काढून टाकतांना होणारा आनंदहि ज्याचा त्यालाच मिळावा.