वादाचा निवाडा कसा करावा?
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



घरात एखाद्या उपचाराविषयी वाद निघाला, की एक पक्ष म्हणतो, "आमच्या मामींना गुण आला." दुसरा म्हणतो, "हे सारे थोतांड!" दोघेही ठाम, आणि मध्ये बिचारा रोगी. असा वाद न्यायाने कसा तोडावा, याचा एक जुना दाखला आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

व्हिएन्नाचा वैद्य मेस्मर १७७८ साली पॅरिसला आला. प्राणिमात्रांत एक सूक्ष्म चुंबकीय द्रव्य वाहते, ते अडले की रोग जडतो आणि ते पुन्हा वाहते करण्याची विद्या आपणांस साधली आहे, असे तो सांगे. मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत आणि त्यातून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या अंगास लावीत. कित्येकांना झटके येत, कित्येक बरे होऊन घरी जात. शहरात दोन तट पडले. अखेर १७८४ साली सोळाव्या लुई राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, ज्योतिर्विद बायी अशी मातबर मंडळी होती. मेस्मर दूरच राहिला. त्याचा अनुयायी, पॅरिसचाच वैद्य देस्लों, मात्र परीक्षेस उभा राहिला. या गृहस्थाचे मला कौतुक वाटते.

बरे झालेले रोगी पाहून निर्णय द्यावा, असे देस्लोंचे म्हणणे. समितीने ते मानले नाही. रोग पुष्कळदा आपोआपही हटतो. मग श्रेय कोणास द्यावे? द्रव्य अंगात शिरताच जे परिणाम दिसतात म्हणतात, तेच तपासावयाचे ठरले.

पॅरिसजवळच्या पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत देस्लोंने स्वतः एक जर्दाळूचे झाड भारले. या विद्येचा परिणाम चटकन होणारा बारा वर्षांचा मुलगाही त्यानेच निवडून आणला होता. मुलाचे डोळे बांधून त्यास एकामागून एक चार झाडांना मिठी मारावयास लावली. पहिल्याच झाडापाशी त्यास घाम सुटला, डोके दुखू लागले. दुसऱ्या, तिसऱ्या झाडापाशी गुंगी वाढत गेली. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड यांपैकी एकही नव्हते! ते चौथ्यापासून सुमारे २४ फुटांवर उभे होते.

देस्लों म्हणाला, झाडे मुळातच भारलेली असतात. समितीने उत्तर दिले, की तसे असेल तर अशा नाजूक प्रकृतीच्या माणसाने बागेत पाऊलच टाकावयास नको.

पुढे लाव्हाझिएच्या घरी एका बाईस न भारलेले पेले दिले. चौथ्या पेल्यास तिला झटका आला. तिने पाणी मागितले, तेव्हा ते भारलेल्या पेल्यातून दिले. ते ती शांतपणे प्याली व बरे वाटले म्हणाली.

येथे न्याय कोठे आहे, तो पाहा. भारणारा दावेदार, मुलगा दावेदाराच्या पसंतीचा. समितीने झाकले ते एकच: कोणते झाड भारले आहे, याचे ज्ञान. शिवाय घाम, झटके, बेशुद्धी यांस तिने ढोंग म्हटले नाही. हे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत. चुंबकीय द्रव्याचा पुरावा मात्र नाही, एवढाच तिचा निष्कर्ष. आजही नव्या औषधाची परीक्षा याच युक्तीने होते. खरी गोळी कोणती व पोकळ कोणती, हे रोग्यास आणि शक्यतो वैद्यासही कळू देत नाहीत.

सर्वांचे समाधान झाले, असे मात्र नाही. देस्लोंची परीक्षा ती माझी नव्हे, अशी मेस्मरची तक्रार होती. राजाने नेमलेल्या दुसऱ्या एका समितीतील वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिए याने आपले भिन्न मत स्वतंत्रपणे छापले. आणि देस्लोंने विचारले, की कल्पनेनेच रोग बरा होत असेल, तर त्या कल्पनेचाच उपचार आपण का करू नये? या प्रश्नावर वैद्यमंडळी अजूनही काम करीत आहेत.