शेवटच्या नळाचं पाणी

श्रोतेहो, पाणी पारखण्याची आपली एक जुनी रीत आहे. तांब्या उजेडात धरायचा, पाणी नितळ दिसलं, वास आला नाही, चव गोड लागली, की झाली परीक्षा! गाळून घेतलं म्हणजे तर शंकाच उरत नाही. ही रीत अगदीच टाकाऊ आहे असे कोणी म्हणणार नाही. गढूळ पाणी दूर सारायला ती पुरते. पण माणसाला आजारी पाडणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फडक्यात अडकत नाहीत आणि जिभेला कळतही नाहीत.

१८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पाण्याचा एक पंप होता. त्याच्या आसपास पटकीची साथ आली आणि अवघ्या दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. साथ दूषित हवेतून येते, असे त्या काळचे बहुतेक जाणते लोक मानीत. जॉन स्नो या डॉक्टरांनी मात्र कोणत्या घरात किती माणसे गेली आणि त्या घरी पाणी कुठून येत होते, याची नोंद केली. सगळ्या नोंदी त्या एका पंपाकडे बोट दाखवू लागल्या. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो पुढे तीस वर्षांनी, आणि आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. म्हणजे जंतू दिसण्याच्या आधी रोगाची वाट सापडली, ती नोंदींमुळे. पाण्यावर पाळत ठेवायची म्हणजे काय, ते यातून कळते.

आता आपल्या गावाकडे येऊ. गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. वरवर पाहता काम सोपं. पण नुसती पावडर पाण्यात पडली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. ताज्या पावडरीत क्लोरीन असतो सुमारे तेहेतीस टक्के. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं, की तो उडून जातो आणि हाती राहतो तो नुसता चुना! म्हणून पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकून ठेवायची.

दुसरे असे की, विहिरीत पाणी किती आहे ते मोजल्याशिवाय पावडर किती घालायची ते ठरत नाही. चार मीटर रुंदीच्या गोल विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते होते साधारण साडेसदतीस हजार लिटर. उन्हाळ्यात त्याच विहिरीत एक मीटर पाणी उरले, तर मात्राही तिसऱ्या हिश्शावर आली पाहिजे. उलट पावसाळ्यात पाणी वाढते, शिवाय ते गढूळ होते. क्लोरीन आधी त्या गाळातच खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडावी. त्यानंतर निदान अर्धा तास तरी कोणी पाणी भरू नये.

एवढे केल्यावर खरी परीक्षा. बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं आणि त्यात ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर औषध वाटेतच संपलं. (तपासलेलं पाणी मात्र ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा.

पण हे पाणी घ्यायचं कुठल्या नळाचं? टाकीच्या पायथ्याशी तपासलं तर रंग येणारच, त्यात नवल ते काय! तपासायला हवा तो वस्तीच्या अगदी शेवटचा नळ. आपल्याकडे पाणी दिवसातून एकदा, कुठे दिवसाआड सुटते. मधल्या वेळात नळ रिकामा राहतो. वाटेत गटारालगत एखादा जोड गळका असेल, तर ज्या फटीतून पाणी बाहेर जाते त्याच फटीतून घाण आत शिरते. तिचा पहिला घाला पडतो शेवटच्या घरांवर. आणि शेवटची घरे बहुधा कोणाची असतात, हे मी सांगायला नको.

महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावोगावच्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे धोका जास्त. काही ठिकाणी लाल कार्ड म्हणजे गावाची अब्रू गेली असे वाटते. मग वहीत रकाने भरले जातात, रोज "क्लोरीन आहे" अशी नोंद होते, आणि बाटली कपाटातच राहते. कोणी तक्रार करतो, "पाण्याला औषधाचा वास येतो," म्हणून पावडर कमी करा असा दाबही जलसुरक्षकावर येतो. मंडळी, थोडासा वास सोसवतो. पण गॅस्ट्रोची साथ आली की तान्ही मुले दोन दिवसांत सुकून जातात. खोटं हिरवं कार्ड त्यांना वाचवीत नाही. खरं लाल कार्ड मात्र वाचवू शकतं, कारण त्याने गळका जोड कुठे आहे ते तरी कळतं.

आणखी एक सांगायला हवे. सगळेच दोष क्लोरीनने जात नाहीत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही जखडतात. हे पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यामुळे दोष वाढतो. त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हायला हवी आणि वर्षातून एकदा नमुना पाठवायला विसरू नये.

२०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवावे, अशी तरतूद आहे. ही फार शहाणपणाची गोष्ट आहे. हंडा ज्यांच्या डोक्यावर, परीक्षाही त्यांच्याच हाती!

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा दोनच प्रश्न विचारा. काल कोणत्या नळाचं पाणी तपासलं? आणि रंग आला नव्हता, तेव्हा काय केलं? वहीत "रंग नाही" अशी एकही नोंद वर्षभरात दिसली नाही, तर आनंद मानण्याआधी एक बाटली मागवा आणि सगळ्यांनी मिळून शेवटच्या नळापर्यंत चालत जा.