मापातला आवाज



सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी 26 वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतोय. धोट्याचे माग चालू असले की शेडमध्ये कुणी तोंडानं बोलत नाही. हाताच्या खुणा आणि ओठांची हालचाल, यावर सगळं काम चालतं. बिम संपलं, कांडी बदल, चहा आला, हे सगळं खुणांनीच. शेडमधून बाहेर आलं की कानात बराच वेळ बारीक शिट्टी वाजत राहते. ती कामाचाच भाग आहे असं आम्ही धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी कान तपासून घेतले आणि एक कागद हातात आला. त्यावरची रेघ बऱ्यापैकी सरळ चालली होती, पण 4000 हर्ट्झपाशी एकदम खाली उतरली होती. कायमच्या गोंगाटानं कान झिजतो तेव्हा पहिला खड्डा बहुधा तिथंच पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तो कागद मी कपाटात ठेवून दिला होता. त्याची आठवण झाली ती भाच्यामुळं.

माझी बहीण विडी कामगार. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. कामगार नेते आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी लढून जी 10,000 घरं मिळवली, त्यातलं एक तिचं. घर लहान, भिंतीला भिंत लागून. पोराला डीजे शिकायचंय. मंडळापुढं गाडी लावून छाती हादरवणारा डीजे नाही. दोन गाणी तालात अशी जोडायची की एक कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं ते कळू नये, ती कला. त्याच्याकडं जुना लॅपटॉप, दोन डेकचा छोटा कंट्रोलर आणि चार इंची वूफरचे दोन स्वस्त स्पीकर. मे महिन्यात तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मामा, यात बेस नाही. आणि जिथं आहे तिथं नुसता घुमतोय. मोठे खोके घेऊ का?"

बेस नाही आणि बेस घुमतोय, या दोन तक्रारी एकाच तोंडातून आल्या म्हणजे दोष एकट्या खोक्याचा नसतो. पैसे घालायच्या आधी मी खोली बघायला गेलो.

खोली 10 फूट बाय 12 फूट. आता आवाजाचं गणित बघा. आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी लाट बरोबर मावते, तो आवाज त्या खोलीत साठून राहतो, पाळण्याला वेळेवर धक्का बसावा तसा वाढतो. 12 फुटांसाठी तो येतो सुमारे 48 हर्ट्झ, 10 फुटांसाठी सुमारे 57, आणि त्याची दुप्पट धरली तर 115 च्या आसपास. डीजेच्या गाण्यातला ठोका बसतो 50 ते 60 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे या पोराच्या खोलीच्या भिंती त्याच्या ठोक्यावरच बोट ठेवून होत्या. ठोका पडायचा, पण संपायचा नाही. पुढचा ठोका मागच्याच्या अंगावर येऊन पडायचा. अशात ताल जुळवायचा कसा?

यावरचा उपाय म्हणजे इक्वलायझर. हा शब्द टेलिफोनवाल्यांचा. लांबच्या तारेतून आवाज जाताना उंच स्वर जास्त गळायचे, तेव्हा तारेच्या टोकाला अशी जोडणी करायचे की सगळे स्वर परत समान व्हावेत. रेडिओचं तर या युक्तीवाचून चालतच नाही. आत्ता तुम्ही मला एफएमवर ऐकत असाल तर माझ्या आवाजातले उंच स्वर प्रक्षेपणाच्या वेळी मुद्दाम वाढवून पाठवलेले आहेत. तुमचा रेडिओ संच ते तेवढेच कमी करतो, आणि वाटेत आलेली खरखर त्यांच्याबरोबर कमी होते. जुन्या तबकड्यांचंही तसंच. 1954 साली अमेरिकेत ठरलेल्या मापानं तबकडीवर खालचे स्वर दाबून आणि वरचे वाढवून कोरायचे, आणि वाजवताना यंत्रानं ते उलटं करायचं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. टॉवेल धुलाईत आटणार हे माहीत असतं, म्हणून मागावर आपण माप वाढवूनच धरतो. आटण्याचं प्रमाण कळलं की माप बरोबर येतं. इथंही खोली आणि खोका मिळून आवाजाचं काय करतात ते आधी कळायला हवं.

आणि इथं माझी चूक झाली. मापायच्या आधी मी कानावर भरवसा ठेवला. लॅपटॉपवर इक्वलायझर उघडला, गाणं लावलं आणि बटणं सरकवत गेलो. मला आवाज दबलेला, कापूस घातल्यासारखा वाटत होता. 4000 च्या आसपास चांगला 5 डेसिबल चढवला तेव्हा झांज मला स्वच्छ ऐकू आली. मी समाधानानं मागं वळून बघितलं, तर पोरानं डोळे मिटून मान आखडून घेतली होती. "मामा, कानात सुई टोचल्यासारखं होतंय." मला कपाटातला कागद आठवला. माझ्या कानातला खड्डा मी त्याच्या स्पीकरमध्ये भरत होतो.

त्या दिवशी मी बटणं सोडली आणि माइक आणला.

लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजायला जॉन मल्केही यांचं रूम ईक्यू विझार्ड, आणि दुरुस्तीला विंडोजवर चालणारं योनास टेडरिंग यांचं इक्वलायझर एपीओ. माइक मोजमापाचाच घ्यावा, कारण मोबाइलचा माइक खालचे स्वर नीट पकडत नाही. अंदाज घेण्यापुरता तो चालतो. स्पीकरमधून पिंक नॉइज सोडायचा. पत्र्याच्या शेडवर जोराचा पाऊस पडतोय असा तो आवाज. पोरगं जिथं उभं राहून वाजवतं तिथं, डोक्याच्या उंचीवर, माइक हातात धरून हळूहळू इकडून तिकडं फिरवायचा आणि सरासरी घ्यायची. एकाच जागी माइक रोवला तर त्या एका बिंदूचं माप येतं. डोकं चार बोटं हललं की ते फसतं.

पडद्यावर आलेख उमटला. 57 आणि 115 पाशी दोन उंचवटे, 145 पाशी खोल खड्डा, आणि 6000 च्या वर ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, थोडा चढा.

पोरगं म्हणालं, "खड्डा भरू या." प्रत्येकाला आधी हेच सुचतं, आणि स्पीकर जळतात ते याच पायी. तो खड्डा पडला कशानं? स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला होते, मागची भिंत 60 सेंटिमीटरवर. भिंतीवर आपटून परतणारी लाट 145 हर्ट्झला बरोबर उलटी होऊन येते आणि सरळ लाटेला खाऊन टाकते. इक्वलायझरनं तिथं जोर दिला तर सरळ लाट वाढते, तशी परतणारीही तेवढीच वाढते, आणि दोघी पुन्हा एकमेकींना खातात. खड्डा तिथंच राहतो, ताण मात्र वाढतो. 3 डेसिबल चढवायला दुप्पट वीज लागते, 10 डेसिबलला दहापट. एवढासा चार इंची कोन ते कुठून देणार?

आम्ही स्पीकर मागं सरकवले, भिंतीला जवळजवळ टेकवले. खड्डा 400 हर्ट्झच्या वर गेला आणि तिथं तो फारसा जाणवेना. शिवाय भिंतीच्या आधारानं बेस आपोआप वाढला. फुकटचा बेस! लहान स्पीकरला याची फार गरज असते. उंचवटे वाढले, पण उंचवटा कापणं सोपं असतं आणि कापायला वीज लागत नाही. 57 ला 6 डेसिबल कमी, 115 ला 7 कमी, दोन्ही ठिकाणी अरुंद पट्ट्यात, आजूबाजूच्या स्वरांना धक्का न लावता. 6000 च्या वर अडीच डेसिबल उतार. 45 च्या खाली सगळं बंद, कारण तिथं या खोक्यातून आवाज निघत नाही, कोन नुसता आत-बाहेर उडत राहतो आणि कॉइल तापते. त्यापेक्षा बारीकसारीक चढ-उतारांच्या मागं लागलो नाही. आलेख पट्टीसारखा सरळ करायच्या नादात गाण्यातला जीव जातो, हे मी दुसऱ्या संध्याकाळी करून बघितलं आणि सगळं पुसून टाकलं.

मग एक मोठी अडचण आली. गाणं साध्या प्लेअरमध्ये लावलं की दुरुस्ती ऐकू यायची. कंट्रोलर जोडून वाजवलं की सगळं पहिल्यासारखं. दोन संध्याकाळी यातच गेल्या. कारण सापडलं ते असं. डीजे सॉफ्टवेअर हाताच्या हालचालीला लगेच आवाज मिळावा म्हणून एएसआयओ नावाच्या थेट वाटेनं जातं, विंडोजच्या आवाजाच्या वाटेला लागतच नाही. आणि हा इक्वलायझर बसलेला असतो त्या विंडोजच्या वाटेवर. चौकीवर पोलीस उभा आणि गाडी गेली बायपासनं. उपाय दोन. एकतर सॉफ्टवेअरमध्ये विंडोजची साधी वाट निवडायची आणि थोडा उशीर सोसायचा. नाहीतर मिक्स नावाचं मोफत डीजे सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात मुख्य आउटपुटला स्वतःचा इक्वलायझर आहे. आमच्या पोराला उशीर सोसेना, हात आणि आवाज यांत फट पडली की त्याचा ताल सुटतो. त्यानं दुसरी वाट धरली.

हेडफोनचंही बघावं लागतं. कंट्रोलरला स्पीकरची जोडी वेगळी आणि कानात पुढचं गाणं ऐकायची जोडी वेगळी असते. खोलीची दुरुस्ती फक्त स्पीकरच्या जोडीला लावायची. हेडफोनमध्ये 10 बाय 12 ची खोली नसते.

डीजे शिकणाऱ्या पोरांना माझी कळकळीची विनंती आहे. कंट्रोलरवर प्रत्येक डेकला लो, मिड, हाय अशी तीन बटणं असतात. ती गाण्यांसाठी आहेत, दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढू नयेत म्हणून. त्यांनी खोलीचा दोष झाकू नका. खोलीत घुमतंय म्हणून 'लो'चं बटण मागं ठेवून मिक्स रेकॉर्ड केलं, आणि तीच फाइल दुसरीकडं वाजवली, तर तिथं आवाज पोकळ निघेल, आणि चूक कुठं झाली ते कळणारही नाही. खोलीची दुरुस्ती खोलीतच राहिली पाहिजे, रेकॉर्डिंगमध्ये उतरता कामा नये.

कमी आवाजाचीही एक गोष्ट सांगतो. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल प्रयोगशाळेत दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. म्हणून हळू लावलं की बेस गेला असं वाटतं आणि हात बटणाकडं जातो. पोराला मी दोन मापं जतन करून दिली, एक दिवसाचं, एक हळू वाजवायचं. हळूच्या मापात बेस 3 डेसिबल वर आहे, आणि तेवढं आधी एकूण पातळीतून 3 कमी केलंय, म्हणजे आवाज फाटायचा नाही. हळू वाजवणं भागच आहे, कारण कायद्यानं निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45. औद्योगिक भागात दिवसा 75. मी ज्या गोंगाटात उभा राहतो तिथून या पोराच्या खोलीत यायचं तर कागदावरच 20 डेसिबल खाली उतरावं लागतं.

टाळी वाजवली की खोलीत अजून टण्ण असं यायचं. ते सॉफ्टवेअरनं जात नाही. कारखान्यातून डागी टॉवेल रीतसर विकत घेतले, लाकडाच्या चौकटीत चार इंच जाड दाबून भरले आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते अर्थातच चांगल्या मालाला, पण आवाज प्यायला डागी टॉवेलही तितकाच पक्का. बेसवर त्याचा परिणाम नाही, तो तेवढ्या जाडीला दबत नाही. टाळीचा टण्ण मात्र गेला.

भिंतीपलीकडं एक मावशी राहतात. संध्याकाळी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात. त्यांच्या मांडणीतली ताटं आमच्या भिंतीला टेकलेली, आणि मे महिन्यात प्रत्येक ठोक्याला ती थरथरायची. त्या काही बोलायच्या नाहीत, उठून ताटांमध्ये फडकं खुपसायच्या. मागच्या आठवड्यात मी बहिणीकडं गेलो, तेव्हा मावशी दारात होत्या. मला म्हणाल्या, "पोरगं आज वाजवत न्हाई व्हय? बरं बिरं न्हाई का त्याला?"

आत तासाभरापासून त्याचं वाजवणं चालू होतं.